स्वयंपाकघर हिरवं, बाहेरची खोली पिवळी

तीर्थरूप आत्या,

तुला साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी सातच समज. कंबर धरली आहे. ती का धरली ते पुढे येईल.)

तुझं पत्र पोचलं. गुडघा आता जिना चढताना दुखत नाही, फक्त उतरताना दुखतो, हे वाचून आनंद झाला. सुधारणा अशीच चालू राहिली तर एके दिवशी तू वरच्या मजल्यावर जाशील आणि तिथेच राहशील. मांजराला माझा आशीर्वाद सांग. ओसरीवरचा झोपाळा आहे ना अजून? आणि ते लोखंडी फाटक? सुट्टीत तुझ्याकडे असताना मी दुपारी चोरून नदीवर निघालो की ते फाटक अशी किंकाळी फोडायचं, की तू मागच्या दारातून हाक मारायचीस. माझ्या अंगी जे काही चार चांगले गुण आहेत ते सगळे त्या फाटकामुळे. इकडे आम्ही सर्व मजेत आहोत. 'मजेत' हा शब्द पत्राच्या रीतीला धरून लिहिला आहे. वस्तुस्थिती अशी, की बायको माहेरी जाऊन बसली आहे, सासूबाई आणि सासरे एकाच घरात राहून परवापरवापर्यंत एकमेकांशी बोलत नव्हते, आणि त्या दोघांच्या मधून माझी एक रेघ जात होती. बाकी सर्व क्षेम. हे पत्र काही मागण्यासाठी लिहिलेलं नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो. मी प्रत्येक पत्राच्या शेवटी काहीतरी मागतो असं तू मागे म्हणाली होतीस, ते मनाला लागलं आहे.

तू विचारलंस की मी ऑफिसात नेमकं करतो काय. तुझ्या शेजारणीला तू 'भाचा धुराचं भविष्य सांगतो' असं सांगितलंस आणि तिने लगेच मुलीचं लग्न कधी होईल ते विचारायला सांगितलं, हेही कळलं. तिला सांग, वारा पश्चिमेचा असला तर लवकर. पण खरं काम असं आहे. आमच्या वसाहतीला चहूबाजूंनी कारखाने आहेत. एक ओतशाळा, एक रंगाचा, एक खताचा, आणि एक असा की त्यात काय तयार होतं ते आत काम करणाऱ्यांनाही नीट सांगता येत नाही. मी वजनकाट्याच्या वरच्या खोलीत बसतो. कोणती चिमणी किती उंच, तिच्यातून किती गरम धूर निघतो, वारा कुठून कुठे जातो, रस्त्यावरून किती ट्रक धुरळा उडवत जातात, हे सगळं मी संगणकात घालतो. मग संगणक बराच वेळ घरघरतो (त्याचा पंखा एवढा ओरडतो, की हवा तोच साफ करतो असं आमच्या साहेबांना बरेच दिवस वाटत होतं) आणि उद्या कुठे किती धूर साचणार ते सांगतो. बऱ्याचदा बरोबर सांगतो. माझ्यापेक्षा तर नक्कीच, कारण मी खिडकीतून बाहेर बघतो आणि खिडकीवरच काजळी असते.

आता संगणकाला अख्खी वसाहत एका घासात गिळता येत नाही, म्हणून आम्ही तिचे चौकोन पाडतो. एका चौकोनाला एक आकडा आणि एका आकड्याला एक रंग. हिरवा म्हणजे खुशाल श्वास घ्या. पिवळा म्हणजे घ्या, पण बेताने. लाल म्हणजे कामापुरता घ्या. आणि जांभळा म्हणजे घराबाहेर पडू नका. (घरातल्या हवेचं काय करायचं, याबद्दल आमचं माहितीपत्रक गप्प आहे.) दोन चौकोनांच्या मधली रेघ ही निव्वळ आमची सोय असते. धूर त्या रेघेपाशी येऊन पाय पुसून उभा राहतो असं काही नाही, तो हळूहळू दाट होतो आणि हळूहळू विरळ होतो. हे मला माहीत होतं, संगणकाला माहीत होतं, पण लोकांना सांगावं असं आम्हा दोघांनाही सुचलं नाही. उलट आम्ही तो नकाशा सगळ्यांच्या फोनवर दिला, आणि आपण नकाशात कुठे आहोत ते दिसावं म्हणून वर एक निळी टिकली दिली, जी माणूस चालेल तशी चालते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

माझे सासरे ओतशाळेत फोरमन होते हे तुला लग्नात कळलंच असेल, कारण त्यांनी मांडवाचे खांब ठोकून पाहिले होते. निवृत्त झाले तरी कानावरचा खडू उतरलेला नाही. पूर्वी त्या खडूने ते खराब ओतकामावर फुली मारायचे. आता घरात मारतात. हलणारी खुर्ची, उखडलेली फरशी, एकदा माझी बॅग. तर या गृहस्थांनी फोन हातात धरला आणि घरात येरझाऱ्या घालायला सुरुवात केली. ती टिकली मुळात एका जागी स्थिर राहत नाही, घर सोडून शेजारच्या न्हाणीघरातही जाऊन येते. पण ते हाडाचे फोरमन, त्यांनी पुन्हा पुन्हा चालून तिची सरासरी काढली. आणि निष्कर्ष असा निघाला, की माझ्या दोन चौकोनांमधली रेघ बरोबर त्यांच्या बाहेरच्या खोलीच्या आणि स्वयंपाकघराच्या मधून जाते. त्यांनी तिथे खडूने सरळ रेघ ओढली. (सरळ म्हणजे दोरी ताणून.) स्वयंपाकघर हिरवं, बाहेरची खोली पिवळी. त्यांना यात गंमत वाटली. जावयाच्या यंत्राला आपलं घर सापडलं याचा थोडा अभिमानही वाटला असावा, कारण त्यांनी दोन शेजाऱ्यांना बोलावून ती रेघ दाखवली.

गंमत तिथेच संपली. सासूबाईंनी हात पुसत पुसत रेघ पाहिली आणि सासऱ्यांना सांगितलं, की आजपासून तुमचं उठणं-बसणं स्वयंपाकघरात. सासऱ्यांना खोकला आहे, आत्या. बरेच दिवस आहे. ते त्याला 'घसा साफ करतो' म्हणतात, पण घसा साफ करायला कोणाला भिंत धरावी लागत नाही. सासरे म्हणाले, आयुष्यभर भट्टीच्या तोंडाशी उभा राहिलो, आता पिवळ्या रंगाला भिऊन डब्यांच्या मांडणीखाली बसू काय? आणि आपल्या आरामखुर्चीत बसले. सासूबाई म्हणाल्या, बसा. चहा रेघेच्या अलीकडे मिळेल. ज्याला हवा त्याने इकडे यावं.

तुला वाटेल दोन दिवसांत निवळलं असेल. माणूस चहापुढे टिकत नाही. पण हा माणूस ओतशाळेतला. सासूबाई कप आणून रेघेच्या अगदी आतल्या बाजूला ठेवायच्या, हिरव्यात. सासऱ्यांनी अडगळीतली एक लोखंडी सळई घेतली, तिचं टोक वाकवून आकडा केला आणि खुर्चीतल्या खुर्चीत बसून कप बशीसकट पिवळ्यात ओढायला लागले. भट्टीतून ओतकाम ओढायचा हात तो, एक थेंब सांडत नाही. मग सासूबाईंनी कप टेबलावर ठेवायला सुरुवात केली. मग सासऱ्यांनी सळई लांब केली. बोलणं बंद. काही सांगायचंच झालं तर माझ्या बायकोमार्फत, आणि तीही घर सोडून तिथेच राहायला गेली, कारण निरोप दिवसभर चालू असायचे. सगळ्यात मोठं आश्चर्य सांगू? सासूबाई रोज सगळी फरशी पुसायच्या, पण ती खडूची रेघ पुसत नव्हत्या. तिला वळसा घालायच्या.

बायको मला एरवी 'अरे' म्हणते. त्या आठवड्यात तिने फोनवर 'अहो' म्हटलं, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण माझ्यावर शेकणार. अहो, तुमची रेघ आहे, तुम्हीच निस्तरा, बाबा स्वयंपाकघरात बसून चहा प्यायल्याशिवाय मी काही तिकडे येत नाही, असं ती म्हणाली. मी विचार केला, माणूस हलत नाही तर खुर्ची हलवू. सासरे ओतशाळेच्या फाटकापाशी बाकावर जुन्या सोबत्यांशी गप्पा मारायला गेल्यावर मी ती खुर्ची उचलली. आत्या, ती खुर्ची त्यांनी निवृत्त होताना स्वतः ओतलेली आहे. तिला कापडी गादी आहे म्हणून मी फसलो. खाली सगळं बिडाचं लोखंड. बरोबर रेघेवर आल्यावर माझ्या कंबरेतून 'कट्' असा आवाज आला. पुढचे दोन पाय हिरव्यात, मागचे दोन पिवळ्यात, आणि मी चौकटीला लटकलेला, अशा अवस्थेत सासरे परत आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, आणि एका हाताने ती उचलून जागेवर नेऊन ठेवली. मग तिला धरून जरा खोकले. सासूबाईंनी मला शेक दिला. रेघेच्या आतल्या बाजूला झोपवून.

तेव्हा मी ठरवलं की आता शास्त्रच वापरायचं. चौकोन कुठून सुरू करायचे हे काही आभाळातून पडलेलं नसतं. नकाशा जरासा उत्तरेकडे सरकवला तर अख्खं घर एकाच चौकोनात येईल, हवेच्या अंदाजात काडीचा फरक पडणार नाही. मी तो गुपचूप सरकवला. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांचं घर पुढून मागून हिरवं. मी विजयी मुद्रेने जिना उतरत होतो, तेवढ्यात साहेबांचा निरोप आला.

आमचे साहेब वसाहतीच्या वरच्या अंगाला बंगल्यात राहतात. ती रेघ उत्तरेकडे सरकली ती नेमकी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर जाऊन थांबली. साहेब पिवळ्यात, आणि त्यांच्या पत्नीचा कुत्रा हिरव्यात. एरवी साहेबांना चौकोन म्हणजे काय हेही सांगावं लागतं, पण त्या दिवशी त्यांनी संगणकातल्या त्या गणितावर, म्हणजे मॉडेलवर, जे प्रश्न विचारले ते मला परीक्षेत कोणी विचारले नव्हते. शेवटी हुकूम झाला, की रेघ आधी होती तशी मागे न्या, आणि मग संपूर्ण नकाशा पूर्वेकडे सरकवा, म्हणजे त्यांच्या बागेतून जाणारी उभी रेघही मोठ्या रस्त्यावर जाईल, जिथे कोणी राहत नाही. मी म्हटलं, साहेब, पण आडवी रेघ मागे नेली तर ती माझ्या सासऱ्यांच्या घरात जाते. साहेब म्हणाले, मग तिथे तुमची माणसं आहेतच की!

रस्त्यावर कोणी राहत नाही हे खरं. पण भाजीवाले बसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे भाजीवाले रस्त्याच्या हिरव्या कडेला, एकमेकांच्या मांडीला मांडी लावून. पिवळी कडा ओस. खताच्या कारखान्याचे ट्रक मधे अडकून हॉर्न वाजवत उभे, आणि त्यांचा सगळा धूर टोमॅटोवर. म्हणजे हिरवी कडा लोकांनी एका सकाळीत स्वतःच्या हाताने पिवळी करून दाखवली, जे मॉडेलला सांगता आलं नव्हतं. एका भाजीवालीने मला ओळखून विचारलं, की दादा, कोबी पिवळ्या बाजूला ठेवला तर चालेल का, तो काही श्वास घेत नाही. 

हे एवढ्यावरच थांबलं असतं तरी मी देवाचे आभार मानले असते. पण वसाहतीतून उभ्या रेघा एक नाही, बऱ्याच जातात, आणि नकाशा पूर्वेकडे सरकताना त्यातली आणखी एक सरकली. ती कुठे गेली असेल ते तू ओळखलंस. सासऱ्यांचा फोन आला. स्वतःहून. आवाजात उत्साह होता. म्हणाले, जावईबापू, या लवकर, फुली झालीय. मी कंबर धरून धावलो. त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराशी, जिथे आडवी रेघ होती तिथे, आता दोरी ताणून काढलेली उभी रेघ येऊन मिळाली होती आणि घराचे चार तुकडे झाले होते. स्वयंपाकघराची ओट्याकडची बाजू हिरवी, फळीकडची पिवळी. बाहेरच्या खोलीत खिडकीकडे पिवळं, आणि खुर्ची होती तिथे, आत्या, चक्क लाल. सासरे लाल भागात पाय पसरून बसले होते. त्यांना ती बढती वाटत होती.

बायकोने माझ्याकडे नुसतं पाहिलं. 'अहो'सुद्धा म्हणाली नाही.

मग मी शेवटचा उपाय केला आणि रेघाच पुसल्या. चौकोनच दाखवायचे नाहीत. एक रंग दुसऱ्यात हळूहळू मिसळत नेला. खऱ्या हवेत होतं तसंच. दिसायला सुंदर. आपण आयुष्यात एक तरी गोष्ट नीट केली असं वाटून मी त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना बिस्किटं दिली. तर दुपारी जिन्यावर ही रांग. लोक म्हणाले, आमचा रंग कुठे गेला? शेजारी पिवळा आणि आपण हिरवे, एवढं एक सुख होतं, तेही काढून घेतलंत? एकाने तर सांगितलं की पूर्ण लाल द्या, चालेल, पण पलीकडच्या बंगल्यापेक्षा वेगळा द्या. साहेबांनी दोन दिवसांत रेघा परत आणायला लावल्या. आणि सासऱ्यांच्या घरी त्या गेल्याच नव्हत्या. नकाशा पुसता येतो, फोरमनचा खडू पुसायला फोरमनच लागतो.

यानंतर जे झालं त्यात माझी काहीही हुशारी नाही, म्हणून ते नीट झालं. मधे एक दिवस वारा पडला. असा पडला की रंगाच्या कारखान्याच्या चिमणीचा धूर वर जायचं विसरून छपरावर मांडी घालून बसला. मॉडेलने आदल्या दिवशीच सांगितलं होतं, की उद्या अख्खी वसाहत जांभळी. एकूण एक चौकोन जांभळा. (इतका अचूक अंदाज आमच्या ऑफिसातून पूर्वी कधी निघाला नव्हता, आणि त्याचा आनंद करायला कोणाला श्वास पुरत नव्हता.) मी तोंडाला फडकं बांधून सासऱ्यांकडे गेलो. खिडक्या बंद, फटींत ओली फडकी कोंबलेली. सासरे आपल्या खुर्चीत, सासूबाई आपल्या ओट्याशी, बायको दोघांच्या मधे फुलीवर उभी. सासूबाईंनी फोन मागितला. नकाशा पाहिला. पुन्हा पाहिला, आणि मला विचारलं, म्हणजे इकडे तिकडे सगळं सारखंच का? मी म्हटलं, हो, आज सगळं सारखंच.

त्यांनी दोन कप चहा केला, रेघेवरून सरळ चालत गेल्या (पदराने नाही, पायाने पुसत; ठरवून पुसली की चालता चालता पुसली गेली, ते मला सांगता येणार नाही) आणि सासऱ्यांच्या शेजारी स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, सगळीकडे सारखंच आहे तर तिकडे एकटी बसून मी कशाला जांभळी होऊ? सासरे हसले. हसले आणि त्यांना खोकला लागला, आणि तो थांबेना. सासूबाईंनी त्यांच्या हातातला कप काढून घेतला आणि एक हात पाठीवर ठेवून बसून राहिल्या. चहा गार झाला तरी तो हात काढला नाही. आत्या, मला तेव्हा कळलं. इतके दिवस मी समजत होतो की रेघेवरून दोघांचा हट्ट चाललाय. सासूबाईंना हट्टबिट्ट काही नव्हता, त्यांना नवरा चार पावलं का होईना धुरापासून आत हवा होता, आणि ते सांगायला त्यांच्या हाती आयती माझी रेघ आली होती. मला फार वाईट वाटलं. रंग मी भरले होते आणि मलाच त्यातलं काही दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वारा सुटला, आभाळ मोकळं झालं, नकाशा पूर्ववत झाला. मला वाटलं आता सगळं सुरळीत. संध्याकाळी गेलो तर घरात नवी रेघ! या वेळी सासूबाईंच्या हातची, दोरी नाही, जरा नागमोडी, आणि बाहेरच्या दाराच्या उंबरठ्यावर. आतलं सगळं घर हिरवं, बाहेरचं जग पिवळं. म्हणजे चहा आता खुर्चीत मिळतो, पण फाटकाजवळच्या बाकावर जाणं बंद, कारण तो बाक ओतशाळेच्या चिमणीच्या तोंडावर आहे. सासरे फोन घेऊन माझ्यामागे लागले आहेत, की ही रेघ बनावट आहे, तुमच्या नकाशात नाही, तसं लेखी द्या. सासूबाई मला फक्त जास्त साखर घालून चहा देतात. मी अजून लेखी दिलेलं नाही. बायको 'अरे' वर आली आहे, पण घरी आलेली नाही. बाबांनी चहा स्वयंपाकघरातच बसून प्यायला पाहिजे, ही अट तिने धरून ठेवली आहे.

तर असं माझं काम आहे. शेजारणीला यातलं हवं तेवढं सांग. गुडघ्याला जप, मांजराला जिन्यावर झोपू देऊ नकोस. आधी म्हटल्याप्रमाणे हे पत्र निव्वळ खुशालीचं आहे.

तुझा धुरकट भाचा

ता. क. तुझी ती मागची खोली रिकामीच असते ना? सहज विचारतो.

दुसरा ता. क. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आहे की सासऱ्यांना दोन-तीन महिने इथून लांब न्या, जिथे चिमणी नसेल अशा ठिकाणी, आणि तेही थंडी पडायच्या आत, कारण तेव्हा धूर खाली बसतो. तुझ्या टेकडीवर धूर म्हणजे तुझी चूल तेवढी. पण ते येणार नाहीत. 'हवापालट' हा शब्द काढला की ते सळईला हात घालतात. तेव्हा तू त्यांना एक पत्र लिही. त्यात खोकला, हवा, डॉक्टर, रंग यातलं काही नको. एवढंच लिही, की फाटक फार कुरकुरतं, गावात लोखंड कळणारं कोणी उरलं नाही, तुम्ही येऊन एकदा बघाल का. त्यांना लोखंडाचं रडणं ऐकवत नाही. एक फाटक झालं की झोपाळ्याच्या कड्या, मग गच्चीचा कठडा, असं एकेक काढत राहा. सुंठीवाचून खोकला जायचा असेल तर असाच जाईल. मुख्य म्हणजे तोवर फाटकाला तेल घालू नकोस. कोणी घातलं असेल तर पुसून काढ.

तिसरा ता. क. ते एकटे येणार नाहीत, म्हणजे सासूबाई त्यांना एकटं सोडणार नाहीत. त्या येणार म्हणजे बायको पोचवायला येणार. बायको आली की कंबरदुखीच्या माणसाने इथे एकट्याने काय करायचं? चार गाद्या लागतील. माझी जरा कडक.

चौथा ता. क. एक सांगायचं राहिलं. पुढच्या महिन्यात आमचा नकाशा वाढतोय आणि त्यात तुझी टेकडी येते. मी आधीच पाहून घेतलं. रेघ तुझ्या ओसरीवरून, थेट झोपाळ्याखालून जाते. म्हणजे झोका पुढे गेला की तू हिरवी आणि मागे आला की पिवळी. रेघा सरकवणार नाही म्हणून मी कानाला खडा लावला आहे. पण तुझ्यासाठी म्हणून विचारतो, कुठल्या बाजूला हवी ते कळव.

पाचवा ता. क. हे पत्र सासऱ्यांच्या नजरेला पडता कामा नये, म्हणून मी स्वतः पेटीत टाकणार होतो. पण आज कंबरेने जिना उतरवत नाही. ऑफिसात डबा द्यायला आलेल्या बायकोकडे देतो आहे, नीट बजावून.

(याखाली, वेगळ्या अक्षरात, जाड पेन्सिलीने:)

बाईंस नमस्कार. मुलीने पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिले. पाकीट नीट चिकटवलेले नव्हते. जावयाचे चिकटकाम पूर्वीपासून कच्चे आहे. पत्रात एक चूक आहे, पहिली सळई मी लांब केली नाही, दुसरी घेतली.

फाटक बिडाचे आहे की घडीव, ते कळवा. बिडाचे असेल तर कोणाला वेल्डिंग करू देऊ नका, तडकेल. बिजागऱ्या वरच्या की खालच्या वाजतात तेही लिहा, म्हणजे त्या बेताने हत्यारे आणतो. तेल घालू नका, हे जावयाने बरोबर लिहिले आहे.

तरी मला पत्र पाठवाच, ठरल्याप्रमाणे. खोकल्याचे काही लिहू नका. आमच्या घरी ते मोठ्याने वाचले जाईल, आणि मी आधी नाही म्हणेन. दोनदा म्हणेन. मग हो म्हणेन. हिला वाटले पाहिजे की तिने मला फसवून नेले. फार दिवस घाबरली आहे.

तुमच्याकडे स्वयंपाकघरात एक खुर्ची असू द्या. साधी चालेल.